गप्प बस, असं मी त्याला म्हणाले होते



गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी भिवपुरीला घरी आला. आता खोपोलीकडच्या एका कारखान्यात कामाला आहे, लग्न ठरलं आहे. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन इकडचं तिकडचं बोलत होता. मग वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट दहा वर्षं पोटात आहे. राग मानणार नसाल तर सांगतो.”

२०१४ साल. तेव्हा तो नववीत होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात मेलेली मुलं होती, मागे अरबी नशीद वाजत होती आणि शेवटी एक माणूस विचारत होता, तुझ्या भावंडांना मारलं जात असताना तू काय करतोयस? पोराने मला विचारलं होतं, “मॅडम, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपण काय करायचं?”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नव्हतं. त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. “गप्प बस. असलं काही बघायचं नाही. कुणाला दाखवलंस तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही.” मोबाईल काढून घेतला, शाळा सुटल्यावर परत दिला, विषय संपला.

“तुमच्यासाठी संपला, मॅडम. मी घरी गेलो आणि त्याच व्हिडिओखाली तोच प्रश्न लिहिला. रात्री एकाने उत्तर दिलं. तो मला गप्प बस म्हणाला नाही.”

पुढचे आठ महिने तो त्या अनोळखी माणसाशी बोलत होता. त्यात काय काय झालं ते त्याने सांगितलं तसं लिहिते, कारण त्यात आपल्या सगळ्यांना शिकण्यासारखं आहे.

तो माणूस स्वतःला ‘भाई’ म्हणवत असे. खरं नाव, गाव पोराला आजवर कळलेलं नाही. पहिले काही आठवडे भाईने लढाईचा शब्दही काढला नाही. अभ्यास कसा चाललाय, किती वेळची नमाज होते, अब्बांचा फोन आला का, जेवलास का, एवढंच. अब्बा आखातात, आई दिवसभर शिलाई मशीनवर. ही चौकशी करायला घरात कुणाला उसंत नव्हती. मग फोटो सुरू झाले. फिलिस्तीन, सीरिया, गुजरात, मुझफ्फरनगर. त्यातलं दुःख बहुतेक वेळा खरंच होतं, फक्त तारीख आणि ठिकाण पुसलेलं असे. त्यामुळे वीस-तीस वर्षांतले सगळे जुलूम एकाच रात्री, एकाच माणसाने केल्यासारखे दिसत. त्यानंतर लाज वाटायला लावणं. तू बिर्याणी खातोस, क्रिकेट बघतोस, तुला झोप कशी लागते? त्यानंतर तोडणं. मशिदीचे इमाम सरकारी मुल्ला, शिक्षक पगारी नोकर, वर्गातले हिंदू मित्र दुश्मन. गप्पा जाहीर पानावरून बंद गटात गेल्या. शेवटची पायरी घाईची असते. आता नाही तर कधीच नाही, घरच्यांना सांगू नकोस, निघ.

पोरगा शेवटच्या पायरीपर्यंत गेला नाही. त्याआधीच अडखळला. त्याला वाढवलं त्याच्या नानीने. नानी दर गुरुवारी दर्ग्यावर फुलं घेऊन जायची. एका रात्री भाईने लिहिलं, दर्ग्यावर जाणारी बाई मुश्रिक आहे, तिच्या हातचं खाणं बंद कर. बाजूच्या खोलीत नानी खोकत होती. पोराने मोबाईल बंद केला. दुसऱ्या दिवशी ते खातंच काढून टाकलं.

“मला पोलिसांनी वाचवलं नाही, मौलानांनी नाही, आणि तुम्हीही नाही, मॅडम. नानीने वाचवलं, आणि तिला ते माहीतच नव्हतं.”

तो गेल्यावर मला शरम वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. नानी नसती तर?

नसती तर काय होतं, ते आमच्या याच रेल्वे लाइनवर घडलेलं आहे. भिवपुरी रोडहून लोकल पकडली की नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. मे २०१४च्या अखेरीला कल्याणची विशीतली चार शिकलेली पोरं जियारतीच्या जथ्याबरोबर बगदादला गेली, तिथून निसटली आणि आयसिसच्या मुलखात पोचली. घरी चिठ्ठी ठेवली होती. पुढच्याच महिन्यात मोसुल पडलं आणि बगदादीने स्वतःला खलिफा जाहीर केलं. चौघांपैकी एक त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला, एनआयएने त्याला अटक केली, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये त्याचा जामीन कायम ठेवला. परतल्यावर त्याने चौकशीत सांगितलेलं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. लढायला गेलेल्याला संडास साफ करायला आणि पाणी वाहायला लावलं. मी त्या चौघांची नावं लिहीत नाही. त्यांचे आईवडील, बहिणी याच शहरात राहतात, आणि दहा वर्षं त्या नावांचं ओझं त्यांनी पुरेसं वाहिलं आहे.

ती बातमी आली तेव्हा मी रोजच्या लोकलने शाळेत जात होते. लेडीज डब्यात रोजच्या बायका, रोजच्या जागा. एकीने पेपर माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “काय गं, ही तुमच्यातली पोरं अशी का करतात?” ‘तुमच्यातली’ हा शब्द बदलापूर ते कल्याण माझ्या कानात वाजत होता. संध्याकाळी मोहल्ल्यात आले तर तिथे दुसरीच भाषा. “हे सगळं रचलेलं आहे. आपल्याला बदनाम करायचा डाव आहे. तू या भानगडीत पडू नकोस.”

डब्यात मला आरोपी केलं गेलं आणि मोहल्ल्यात मला गप्प केलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि जे मला मिळालं होतं तेच त्या पोराला दिलं. गप्प बस.

दहा वर्षांनी मागे वळून बघते तेव्हा स्पष्ट दिसतं. जहाल विचार वादात जिंकून पोरांच्या डोक्यात शिरत नाहीत. पोराच्या मनात एक खरा प्रश्न असतो, आपण त्याला उत्तर देत नाही, आणि रात्री एक वाजता जो उत्तर देतो त्याचा तो पोरगा होतो. उत्तर चुकीचं असेना का, ते मिळालेलं असतं. आपलं बरोबर उत्तर मात्र कुठल्यातरी फतव्यात, कुठल्यातरी परिषदेत, त्याला न कळणाऱ्या भाषेत पडून राहतं.

आता माझ्या हिंदू वाचकांना विनंती आहे, इथे वाचायचं थांबवू नका. हे फक्त ‘आमच्यातलं’ दुखणं आहे असं समजून सुस्कारा टाकू नका.

कल्याणची पोरं गेल्यानंतर दहा-बारा दिवसांतच, २ जून २०१४ला, पुण्याच्या हडपसरला एका मुस्लिम आयटी अभियंत्याला जमावाने ठार मारलं. फेसबुकवर शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकऱ्यांची विटंबना करणारी चित्रं फिरत होती. त्याचा त्या चित्रांशी काहीही संबंध नव्हता. तो नमाज पढून घरी परतत होता आणि त्याला दाढी होती. जानेवारी २०२३मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुण्याच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. एकाच पंधरवड्यात आपल्या महाराष्ट्रात एका पडद्याने चार घरांतली पोरं नेली आणि दुसऱ्या पडद्याने एका घरातला कमावता मुलगा नेला. पहिल्या घटनेला आपण दहशतवाद म्हणतो. दुसरीला ‘तणाव’ म्हणतो. आईच्या दृष्टीने त्यात काय फरक आहे?

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर येत होते. मारणारेही गरीब, मरणारेही गरीब, आणि इथे हिंदू-मुस्लिम प्रश्नही नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. इतकी माणसं मेल्यावर ती सुचली. ७ जून २०२३ला कोल्हापुरात काही जणांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, आणि मग इंटरनेट बंद. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात! सप्टेंबर २०२३ला साताऱ्याच्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीत शिरला आणि एक तरुण जिवानिशी गेला.

आमच्या भिवपुरीत टाटांचं वीजघर आहे. शंभर वर्षं तिथली वीज तारांतून जाते. तार विचारत नाही की पुढे दिवा लागणार आहे की कुणी चिकटून मरणार आहे. मोबाईलमागची यंत्रणाही तशीच आहे, फक्त एक फरक आहे. वीजघराला माणूस चिकटला तर फायदा नसतो. मोबाईलच्या कंपन्यांना माणूस चिकटलेलाच हवा असतो. चिकटून ठेवायला रागासारखं काही नाही. अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने २०२०मध्ये छापलं होतं की फेसबुकच्याच २०१६ सालच्या एका अंतर्गत अहवालानुसार जहाल गटांत सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक फेसबुकनेच सुचवल्यामुळे तिथे पोचले होते. म्हणजे पोरगा शोधत गेला नव्हता, त्याला बोट धरून नेलं होतं. १५ मार्च २०१९ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एका गोऱ्या वंशवाद्याने दोन मशिदींत ५१ नमाजींना मारलं आणि ते फेसबुकवरून थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढून टाकल्या असं फेसबुकनेच सांगितलं. ज्यांनी त्या १५ लाख वेळा चढवल्या ती माणसं कोण होती?

तेव्हा हा रोग कुठल्या एका धर्माचा नाही. पण म्हणून आपल्या घरातल्या रोग्याला औषध द्यायचं नाही, असं होत नाही. ‘ते’ काय करतात याचा हिशोब मांडत बसणं हे आपल्या मोहल्ल्याचं आवडतं काम झालं आहे. तो हिशोब खरा आहे. मी वर मांडलाच. पण शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग दाखवून आपल्या घरातली विझत नाही. मी मुसलमान आहे, शिक्षिका आहे, आणि माझ्या हातात आहे ते माझ्या वर्गातलं पोर. म्हणून पुढचं सगळं मी माझ्याच लोकांना उद्देशून लिहिते.

आजवर आपण काय उपाय केले? पहिला, पोलीस. जो पोस्ट करेल त्याला उचला. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त पसंतीचा अंगठा दाबला होता. त्या अटकेतून जे प्रकरण सुरू झालं ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २०१५मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलमच रद्द झालं. पोलीस हवेतच. जो माणूस पोरांना सीमेपलीकडे न्यायला बसला आहे त्याला पकडायला पोलीसच लागतात. एटीएसने काही तरुणांना तुरुंगात न टाकता समजावून घरी परत आणलं, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण कुठली आई पोराच्या मोबाईलमध्ये काहीतरी वेडंवाकडं दिसलं म्हणून ठाण्यात जाईल? मालेगावच्या २००६च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या आपल्या नऊ जणांना आरोपमुक्त व्हायला २०१६ उजाडलं. ही दहा वर्षं प्रत्येक मुसलमान आईच्या लक्षात आहेत. ती ठाण्यात जात नाही. मौलानांकडे जायला लाजते. शिक्षिकेला सांगायला घाबरते. आणि पोरगा बंद दाराआड एकटा राहतो.

दुसरा उपाय, फतवा. मी फतव्यांची थट्टा करत नाही. “मुसलमान बोलत का नाहीत?” असं जे विचारतात त्यांनी ऐकावं. नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मेलेल्या नऊ अतिरेक्यांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानाने दफनाला जागा नाकारली. सप्टेंबर २०१४मध्ये जगभरच्या १२०हून अधिक उलेमांनी बगदादीला जाहीर पत्र लिहिलं आणि त्याचा एकेक दावा कुरआन-हदीसच्या आधारे खोडून काढला. २०१५मध्ये मुंबईतून पुढाकार घेऊन देशातल्या हजाराहून अधिक आलिमांचा आयसिसविरुद्धचा फतवा संयुक्त राष्ट्रांकडे पाठवला गेला. मुसलमान बोलले. मोठ्याने बोलले.

पण कुठल्या भाषेत? बगदादीला लिहिलेलं पत्र निघालं अरबीत आणि इंग्रजीत. फतवे निघाले उर्दूत. आता कर्जत-खालापूरकडच्या माझ्या पोरांचं बघा. घरी आपली कोकणी मुसलमानी बोली नाहीतर दखनी. शाळा मराठी, नाहीतर इंग्रजी. मी उर्दू शिकवते, मला विचारा, दहा पोरांतली किती फारसी-अरबी शब्दांनी भरलेला उर्दू फतवा वाचून समजू शकतात! मी मशिदीत जात नाही, पण जुम्याचं बयान भोंग्यावरून माझ्या ओट्यावर ऐकू येतं. खुत्बा अरबीत असतो, तो असणारच. बयानाची उर्दू मात्र इतकी जड असते की माझ्या घरातलेच अर्ध्यावर घड्याळ बघतात. आणि मोबाईलवरचा भाई? तो पोराच्या भाषेत बोलतो. “जेवलास का” असं विचारतो. मग जिंकणार कोण?

तिसरा उपाय सगळ्यांचा लाडका. नाकारणं. असं काही नाहीच, सगळी साजिश आहे. डिसेंबर २०२३मध्ये एनआयएने भिवंडी तालुक्यातल्या पडघा-बोरिवलीत छापे घातले, अनेकांना अटक केली. खटला न्यायालयात आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत कुणालाही गुन्हेगार म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही आणि रात्री नऊच्या टीव्हीवाल्याला तर अजिबात नाही. पण त्या दिवसांत आपल्या गटांवर जे मेसेज फिरत होते त्यांत मला एकही असा दिसला नाही की, “चला, आपल्या पोरांशी बसून बोलूया.” एक तर शिव्या, नाहीतर साजिश. पोरांनी दोन्ही वाचलं आणि आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही हे ओळखलं.

मग करायचं काय? मी नवीन काही सांगणार नाही. आपल्याच इतिहासातलं चौदाशे वर्षांपूर्वीचं सांगते. वर्गात मी हा प्रसंग किती वेळा शिकवला असेल, पण त्याचा अर्थ मला ईदला त्या पोराने शिकवला.

हजरत अलींच्या सैन्यातून एक मोठा गट फुटून बाहेर पडला. नमाजी, रोजेदार, रात्र-रात्र कुरआन पढणारे. त्यांचं म्हणणं, अलींनी माणसांना लवाद नेमलं, निर्णय फक्त अल्लाहचा, म्हणून अली काफिर. हे खारिजी. आजच्या आयसिसचे पूर्वज म्हणा हवं तर. हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास अलींची परवानगी घेऊन एकटे त्यांच्या तळावर गेले. सोबत तलवारीचा पहारा नेला नाही. अंगावर चांगलं यमनी वस्त्र होतं, त्यावरूनही खारिजींनी टोकलं. इब्न अब्बासांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, तुमची तक्रार काय आहे? त्यांनी तीन तक्रारी सांगितल्या. यांनी तिन्ही ऐकून घेतल्या, आणखी काही आहे का विचारलं आणि मग एकेकीचं उत्तर दिलं. माणसांना लवाद नेमता येत नाही म्हणता, पण नवरा-बायकोच्या भांडणात दोन्ही घरांतून मध्यस्थ नेमा असं तर कुरआनच सांगतं. अलींनी तहावरून ‘अमीरुल मोमिनीन’ हा किताब पुसला म्हणता, पण हुदैबियाच्या तहावरून खुद्द रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी ‘रसूलुल्लाह’ हे शब्द पुसायला लावले होते. एका रिवायतीनुसार सहा हजारांपैकी दोन हजार माणसं तिथल्या तिथे परतली.

सगळी परतली नाहीत, हेही सांगते. जी उरली त्यांनी निरपराध माणसं मारली, त्यांच्याशी लढावं लागलं, आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकाने कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींना शहीद केलं. बोलण्याने सगळं सुटतं असं मानण्याएवढी मी भाबडी नाही. पण दोन हजार माणसं! एकही तलवार न उपसता. कारण कुणीतरी त्यांच्यापर्यंत चालत गेला, त्यांचं ऐकून घेतलं, आणि त्यांना पटेल अशा पुराव्याने, त्यांच्या भाषेत उत्तर दिलं.

आपल्या मोहल्ल्यात आज असं चालत जाणारा कोण आहे?

काही जण म्हणतील, मॅडम, पोरांशी हा विषय काढणं म्हणजे आपणच आपल्या पोरांवर संशय घेणं. असंच मला २०१४ला वाटलं होतं. म्हणून तर गप्प केलं. प्रश्न विचारणारं पोर संशयित नसतं. प्रश्न विचारायचं थांबवलेल्या पोराची काळजी करायची असते. फिलिस्तीनची मेलेली मुलं बघून ज्या पोराच्या पोटात कालवतं त्याचं काळीज जिवंत आहे. त्याला “बघू नकोस” असं सांगणं म्हणजे त्याच्या काळजालाच गुन्हा ठरवणं. त्याला सांगायचं, हो, हे दुःख खरं आहे. आता मला सांग, हा फोटो कुठला? कधीचा? कुणी काढला? जुलूम करणारा कोण, आणि तुझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचा त्याच्याशी काय संबंध? बदला म्हणून बेगुनाहाला मारायला दीनने कुठे परवानगी दिली? एवढे प्रश्न जर मी त्याला त्या मधल्या सुट्टीत विचारले असते तर भाईचा धंदा तिथेच बसला असता.

खबर आली की आधी शहानिशा करा, हा हुकूम सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, असं कारणही तिथेच दिलं आहे. राईनपाड्याला हे कुणी सांगायला हवं होतं. पण आपल्यातले किती जण हे पाळतात? ज्या चाचांच्या कपाळावर नमाजचा घट्टा आहे तेच चाचा सकाळी फज्रनंतर तीन खोटे मेसेज पुढे ढकलतात. ऐकलेलं सगळं न तपासता पुढे सांगणं एवढंही माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, अशी हदीस आहे. मोबाईलवर ‘फॉरवर्ड’चं बटण दाबणंही त्यात येतं.

म्हणून माझं मागणं तीन ठिकाणी आहे.

आपल्या पट्ट्यातल्या मशिदींच्या कमिट्यांना. जुम्याच्या बयानातली दहा मिनिटं मराठीत द्या. आणि महिन्यातून एका रविवारी पोरांना बसवून त्यांचे प्रश्न घ्या. कुठलाही प्रश्न, अगदी खिलाफतीचा, जिहादचा, काश्मीरचा. इमामसाहेबांना उत्तर येत नसेल तर “पुढच्या वेळी विचारून सांगतो” म्हणायला कमीपणा मानू नका. मुलींना आणि आयांनाही बोलवा. रात्री पोराच्या दाराखालून येणारा उजेड सगळ्यात आधी आईला दिसतो.

माझ्या शिक्षक भावा-बहिणींना. बीएडला आपल्याला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, मोबाईलवरचं खोटं कसं ओळखायचं ते नाही. ते आता आपण शिकू आणि शिकवू. एका तासाला एक फिरता मेसेज फळ्यावर लिहा आणि पोरांनाच तपासायला लावा. उर्दू शाळा असो की मराठी, आपल्या विरुद्धचा खोटा मेसेज घ्या आणि आपल्या बाजूचाही घ्या. दुसऱ्याचं खोटं पकडताना पोरांना मजा येते. आपल्या बाजूचं पकडताना ती गप्प होतात. खरा धडा तिथे सुरू होतो.

आणि तुम्हाला, हे वाचणाऱ्या हिंदू मित्रांनाही. तुमच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटावर आमच्याबद्दल काय फिरतं ते आम्हाला ठाऊक आहे. तिथे आम्ही नसतो. तिथे तुम्ही असता. “हे खोटं आहे” हे तीन शब्द तिथे लिहायचे आहेत. काकांना वाईट वाटेल, वाटू दे. मी माझ्या चाचांना दुखवते आहे, तुम्ही तुमच्या काकांना दुखवा.

हे शक्य आहे, आमच्याकडे दिसतंसुद्धा. एक्सप्रेसवेवर अपघात झाला की खोपोलीची मंडळी मोबाईलवरच्या गटातून एकमेकांना हाक मारतात आणि रात्री-अपरात्री पोचतात. गाडीत अडकलेल्याचं नाव कुणी विचारत नाही. जुलै २०२३ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही याच मोबाईलवरून खालापूरभर निरोप गेले. जी बोटं “धावत या” लिहितात तीच बोटं “हे खोटं आहे” लिहू शकतात.

त्या दिवशी निघताना मी त्या पोराची माफी मागितली. तो ओशाळला. “अहो मॅडम, असं काय करता!” मग थांबून म्हणाला, “तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.”

मी त्याला बसायला सांगितलं. शीरखुर्मा गार झाला होता, तो परत गरम केला. रात्री उशिराच्या लोकलपर्यंत आम्ही बोलत होतो. सगळी उत्तरं माझ्याकडेही नव्हती. पण या वेळी मी त्याला गप्प केलं नाही.

तुमच्या घरात आज रात्री कुणीतरी काहीतरी विचारील. जेवताना, झोपताना, मोबाईलमधून मान वर करून. त्याला गप्प करू नका. बसा त्याच्याजवळ.